मायक्रोआरएनए आणि स्मृतिभ्रंश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबर २०२४ मध्ये मायक्रोआरएनएच्या शोधाला नोबेल जाहीर झालं आणि त्यानंतर या विषयावरचे प्रश्न थांबलेच नाहीत. विचारणारे बहुतेक जण घरातल्या एखाद्या विसरत चाललेल्या माणसासाठी विचारतात. काही विद्यार्थी आहेत आणि काहींच्या हातात लॅबची जाहिरात आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, बाकी भाषा विचारणाऱ्यांचीच आहे. फक्त तपासणीबद्दल हवं असेल तर थेट ८ आणि ९ वाचा, औषधाबद्दल हवं असेल तर १० आणि ११.

१. मायक्रोआरएनए म्हणजे काय? करोनाच्या लशीत होता तोच का हा?

नाही. काही लशींमध्ये होता तो एमआरएनए, म्हणजे संदेशवाहक आरएनए. आपल्याकडे बहुतेकांनी घेतलेल्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनमध्ये तर तोही नव्हता.

डीएनएतल्या जनुकावरून एमआरएनएची नक्कल निघते आणि तिच्याबरहुकूम पेशी प्रथिन बनवते. ही नक्कल शेकडो-हजारो अक्षरांची असते. मायक्रोआरएनए असतो जेमतेम २२ अक्षरांचा आणि तो स्वतः कुठलंच प्रथिन बनवत नाही. आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसून तो जुळणारा एमआरएनए शोधतो आणि त्याच्या शेपटाकडच्या भागाला चिकटतो. मग त्या एमआरएनएवरून प्रथिन बनणं मंदावतं, किंवा तो एमआरएनएच लवकर मोडीत निघतो. गॅस बंद होत नाही, आंच कमी होते.

चिकटायला सगळी २२ अक्षरं जुळावी लागत नाहीत. सुरुवातीची दुसरी ते आठवी अक्षरं जुळली तरी बहुधा काम होतं. म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर परिणाम करू शकतो आणि एका जनुकावर अनेक मायक्रोआरएनए नजर ठेवू शकतात. माणसाच्या प्रथिनं बनवणाऱ्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक जनुकं या नियंत्रणाखाली येतात असा अंदाज आहे. या एका गोष्टीमुळे पुढचे बरेच घोळ होतात (प्रश्न ६ आणि १० पाहा).

२. नोबेल कशाला मिळालं? स्मृतिभ्रंशाच्या संशोधनाला का?

नाही, आणि हा गैरसमज फॉरवर्ड झालेल्या मेसेजमुळे फार पसरला. नोबेल मिळालं व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीवरच्या कामासाठी. या कृमीची वाढ नीट व्हायला लिन-४ नावाचं जनुक लागतं. त्यातून प्रथिन निघतच नाही, निघतो तो एक इवलासा आरएनए आणि तो लिन-१४ या दुसऱ्या जनुकाला आवरतो, असं १९९३ मध्ये दोघांच्या गटांनी दाखवलं. तेव्हा फारसं कुणी लक्ष दिलं नाही, कृमीची काहीतरी लहर असेल असं धरलं गेलं. २००० मध्ये रव्हकन यांच्या गटाला लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए सापडला आणि तो माणसासकट असंख्य प्राण्यांत जसाच्या तसा निघाला. मग मात्र सगळे धावले. मेंदू आणि आठवणींचा भाग त्यानंतरचा आहे आणि तो शेकडो लोकांच्या हातून झाला आहे.

३. आठवण तयार होताना मायक्रोआरएनए काय करतात?

या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग हाच, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नवी गोष्ट काही मिनिटं लक्षात ठेवायला मेंदूला नवी प्रथिनं लागत नाहीत. ती दिवसेंदिवस टिकवायची तर लागतात. चेतापेशी एकमेकींना जिथे भेटतात त्या सांध्यांची, म्हणजे सायनॅप्सची, बांधणी बदलावी लागते. अडचण अशी, की एका चेतापेशीला हजारो सायनॅप्स असतात आणि बदल हवा असतो त्यातल्या मोजक्याच ठिकाणी. पेशीच्या मध्यभागी प्रथिनं बनवून सगळीकडे वाटून चालत नाही. त्यामुळे काही एमआरएनए सायनॅप्सजवळ आधीच नेऊन ठेवलेले असतात, पण दाबून ठेवलेले. इशारा आला की तिथल्या तिथे प्रथिन बनतं.

दाबून ठेवण्याचं हे काम मायक्रोआरएनएही करतात. त्याचा पहिला ठळक पुरावा २००६ मध्ये मिर-१३४ च्या रूपाने आला. (मायक्रोआरएनएच्या नावात ‘मिर’ आणि पुढे आकडा असतो. आकडा साधारण सापडल्याच्या क्रमाने पडतो, त्यात दुसरा अर्थ नाही.) उंदरांच्या चेतापेशींच्या फांद्यांवर, सायनॅप्सपाशी, मिर-१३४ हा लिमके-१ या जनुकाचा एमआरएनए धरून बसतो. बीडीएनएफ हे मेंदूतलं वाढीचं प्रथिन तिथे पोचलं की पकड सुटते आणि सायनॅप्सचा काटा, म्हणजे फांदीवरचा इवलासा उंचवटा, वाढू शकतो.

दुसरं उदाहरण सागरी गोगलगायीचं, अ‍ॅप्लिसियाचं. स्मृतीवरच्या कामासाठी २००० चं नोबेल मिळवणारे एरिक कँडेल याच प्राण्यावर काम करत. त्यांच्या प्रयोगशाळेत प्रियंवदा राजसेतुपती यांनी २००९ मध्ये दाखवलं, की शिकण्याचा इशारा देणारं सेरोटोनिन आलं की चेतापेशीतला मिर-१२४ कमी होतो. तो एरवी क्रेब नावाच्या प्रथिनाला आवरून धरतो. क्रेब मोकळं झालं की दीर्घ स्मृतीसाठी लागणारी जनुकं चालू होतात. म्हणजे इथे मायक्रोआरएनए हा आठवणीवरचा लगाम आहे.

उलट दिशाही आहे. क्रेब चालू झालं की मिर-१३२ बनतो आणि त्यामुळे चेतापेशीच्या फांद्या वाढायला मदत होते. ‘मायक्रोआरएनए स्मृतीसाठी चांगले की वाईट’ असा प्रश्न बरेच जण विचारतात. मिर-१२४ आणि मिर-१३२ शेजारी ठेवले की तो प्रश्नच गैरलागू ठरतो.

४. स्मृतिभ्रंश झालेल्या मेंदूत यांचं नेमकं काय बिघडलेलं दिसतं?

आधी एक खुलासा. स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हे लक्षणांच्या समूहाचं नाव आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वांत मोठं कारण आणि मायक्रोआरएनएवरचं बहुतेक काम अल्झायमरवरच झालं आहे. बाकीच्या प्रकारांसाठी प्रश्न ७ पाहा.

अल्झायमरमध्ये दोन प्रथिनांचा पसारा होतो: पेशींबाहेर अमायलॉइडचे थर आणि पेशींच्या आत टाऊच्या गुंतवळी. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंत सर्वांत सातत्याने कमी आढळतो तो मिर-१३२. वेगवेगळ्या देशांतल्या गटांना हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे आणि या क्षेत्रात इतकं एकमत क्वचितच होतं. तो टाऊच्या जनुकाला आवरतो, त्यामुळे तो घसरला की टाऊ वाढायला वाव मिळतो.

अमायलॉइड कापून तयार करणारी एक कात्री असते, बेस-१ नावाची. तिला मिर-२९ गटातले दोन आणि मिर-१०७ आवरतात. २००८ मध्ये दोन वेगळ्या अभ्यासांत असं दिसलं, की काही अल्झायमर रुग्णांच्या मेंदूत मिर-२९ कमी आणि बेस-१ जास्त असतं, आणि मिर-१०७ तर आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यावरच घसरतो.

सगळेच घसरत नाहीत. मिर-३४सी हा रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागात, वाढलेला सापडला. तो म्हाताऱ्या उंदरांतही वाढतो. २०११ मध्ये त्याला अडवल्यावर उंदरांची शिकण्याची क्षमता सुधारली. मेंदूतल्या दाहाशी निगडित मिर-१४६ए सुद्धा अनेक अभ्यासांत वाढलेला दिसतो.

५. मग हे आजाराचं कारण आहे की आजारामुळे झालेला परिणाम?

आलेल्या प्रश्नांतला सर्वांत नेमका प्रश्न हाच.

मृत मेंदूतलं मोजमाप हे शेवटच्या दिवसाचं चित्र असतं. मिर-१३२ मुख्यतः चेतापेशींत असतो. आजारात चेतापेशी मरतात, त्यांच्या जागी आधारपेशी आणि दाह करणाऱ्या पेशी वाढतात. अशा मेंदूचा तुकडा घोटून मोजला तर मिर-१३२ कमीच निघणार, त्यासाठी पेशींच्या आत काही बिघडायलाच हवं असं नाही. जुन्या अभ्यासांवरचा हा आक्षेप रास्त आहे.

म्हणून उलटतपासणी प्राण्यांत करावी लागते. मिर-१३२ आणि त्याचा जुळा मिर-२१२ काढून टाकलेल्या उंदरांत टाऊ वाढला आणि स्मृती बिघडली. बेल्जियममधल्या ल्युव्हेनच्या गटाने २०२१ मध्ये अल्झायमरसदृश उंदरांच्या मेंदूत मिर-१३२ भरून काढला, तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी बनणं पुन्हा वाढलं आणि स्मृतीच्या काही चाचण्यांत उंदीर सुधारले. म्हणजे तो नुसता बघ्या नाही.

पण उंदरांना आपणहून अल्झायमर होत नाही. त्यांच्यात माणसाची सदोष जनुकं घालून तो घडवावा लागतो, आणि अशा उंदरांत चाललेल्या कित्येक गोष्टी माणसात फसल्या आहेत. माझं मत विचाराल तर मिर-१३२ ची घसरण आजार सुरू करत नसावी, पण सुरू झालेल्या आजाराला वेग देत असावी.

६. मिर-१३२ कमी होतो ना? मग तो वाढवला तर साध्या माणसाचीही स्मरणशक्ती वाढेल का?

परीक्षेच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो!

उंदरांत हे करून पाहिलं आहे. हिप्पोकॅम्पसमध्ये मिर-१३२ साधारण दीडपट केला तेव्हा उंदीर अधिक चांगले शिकले. तिपटीच्या वर गेला तेव्हा त्यांची स्मृती उलट खालावली. मधली पट्टी अरुंद आहे आणि माणसात ती कुठे सुरू होते, कुठे संपते, हे मोजलेलं नाही.

त्याहून चक्रावणारा प्रयोग २०१० चा. मायक्रोआरएनए तयार होताना डायसर नावाचं विकर लांब तुकडा कापून तो २२ अक्षरांवर आणतं. प्रौढ उंदरांच्या पुढच्या मेंदूतून डायसरच काढून टाकलं, म्हणजे तिथले जवळजवळ सगळे मायक्रोआरएनए आटले. उंदीर काही आठवडे नेहमीपेक्षा हुशार झाले! लगाम सुटल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांच्या चेतापेशी मरू लागल्या.

७. अल्झायमर सोडून बाकीच्या प्रकारांत काही संबंध सापडला आहे का?

हो, पण पुरावा विरळ आहे.

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे तुलनेने लवकरच्या वयात वागणूक किंवा भाषा आधी बिघडते त्या प्रकारात, प्रोग्रॅन्युलिन या प्रथिनाची कमतरता हे एक कारण असतं. त्याच्या जनुकात, मिर-६५९ चिकटतो त्या जागी, काही लोकांत एका अक्षराचा फरक असतो. त्या फरकामुळे मिर-६५९ अधिक घट्ट चिकटतो आणि प्रथिन कमी बनतं, असं २००८ मध्ये मांडलं गेलं. याच आजाराशी जोडलेलं टीडीपी-४३ हे प्रथिन मायक्रोआरएनए बनवणाऱ्या यंत्रणेलाच हातभार लावतं.

पार्किन्सन आणि ल्युई बॉडी डिमेन्शियात साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिनला मिर-७ आणि मिर-१५३ आवरतात.

डाउन सिंड्रोम असलेल्यांना अल्झायमर लवकर गाठतो. मुख्य कारण २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत, कारण अमायलॉइडचं मूळ जनुक त्यावरच आहे. त्याच गुणसूत्रावर पाच मायक्रोआरएनएही आहेत, त्यांतला मिर-१५५ दाहाशी संबंधित आहे. त्याचा वाटा किती, यावर काम चालू आहे.

८. रक्तातले मायक्रोआरएनए तपासून अल्झायमर आधीच कळतो असं वाचलं. आईची तपासणी करून घेऊ का?

निदानासाठी नको. एखाद्या संशोधन प्रकल्पात रक्त मागितलं तर जरूर द्या.

कल्पना चांगली आहे. मायक्रोआरएनए लहान असल्यामुळे चिवट असतात. ते रक्तात प्रथिनांना चिकटून किंवा सूक्ष्म थैल्यांत बसून फिरतात आणि एमआरएनएपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. २०१३ मध्ये एका जर्मन गटाने १२ मायक्रोआरएनएंच्या संचावरून अल्झायमरचे रुग्ण आणि निरोगी माणसं सुमारे ९३ टक्के अचूकतेने वेगळी केली. बातम्या झाल्या. पण मेंदूच्या इतर आजारांपासून अल्झायमर वेगळा काढताना तोच संच तितका चालला नाही, आणि दवाखान्यात अडचण नेमकी तिथेच असते. निरोगी माणूस ओळखायला तपासणी कशाला लागते?

दुसरी अडचण जास्त किचकट. निरनिराळ्या गटांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. रक्त काढताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तरी मिर-४५१ए आणि मिर-१६ यांचा पूर येतो, कारण ते त्या पेशींतच भरलेले असतात. नळीत रक्त गोठू न देणारं हेपॅरिन असेल तर मोजणीच बिघडते. सीरम घेतलं की प्लाझ्मा, नमुना किती वेळ बाहेर राहिला, या सगळ्याने आकडे हलतात.

तरी वाट बंद झालेली नाही. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या गटाने २०२१ मध्ये तीन मायक्रोआरएनएंचा संच सुचवला: मिर-१८१ए, मिर-१४६ए आणि मिर-१४८ए. त्यांनी तो उंदीर, चेतापेशी आणि माणसं, तिन्हीकडे पडताळून निवडला होता. मला हा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो. पण तो अजून नेहमीच्या वापरातली चाचणी झालेला नाही.

९. एका लॅबच्या ‘ब्रेन हेल्थ’ पॅकेजमध्ये मायक्रोआरएनए पॅनेल आहे. पैसे घालवू का? नाही तर कोणत्या तपासण्या करायच्या?

त्या पॅनेलवर नको. कारणं वर ८ मध्ये आली आहेत. अहवालात ‘मिर-१३२-३पी’ असं काही लिहून आलं तर घाबरू नका. ३पी आणि ५पी म्हणजे मूळ दुमडलेल्या तुकड्याची कोणती बाजू, एवढंच.

पैसे आधी बी-१२ आणि थायरॉइडवर घाला. बी-१२ ची कमतरता हे विसरण्याचं असं कारण आहे जे वेळेत सापडलं तर सुधारतं, आणि आपल्याकडे ती किती आहे याचा अंदाज अनेकांना नसतो. पुण्यातल्या एका अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांत बी-१२ कमी निघालं. मग डॉक्टर चालू औषधांची यादी पाहतील. झोपेच्या, अ‍ॅलर्जीच्या आणि लघवीवर ताबा ठेवण्याच्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूला झेपत नाहीत. नैराश्य, ऐकू कमी येणं, डोक्याला मार लागून हळूहळू साचलेलं रक्त हेही पाहिलं जातं. त्यासाठी स्मृतीची चाचणी आणि मेंदूचा स्कॅन लागतो.

रक्तावरून अल्झायमर ओळखण्यात आज पुढे आहे ते पी-टाऊ २१७ हे प्रथिन. त्याच्या आणि अमायलॉइडच्या गुणोत्तरावर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेत मे २०२५ मध्ये परवानगी मिळाली, तीही लक्षणं असलेल्या ५५ वर्षांवरच्या लोकांसाठी. काहीच त्रास नसताना हौसेने करायची तपासणी ही नाही.

१०. मायक्रोआरएनएवर आधारलेलं डिमेन्शियाचं औषध कधी येईल?

तारीख सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. डिमेन्शियासाठीच काय, इतर कुठल्याही आजारासाठी नैसर्गिक मायक्रोआरएनएची नक्कल असलेलं किंवा त्याला अडवणारं औषध अजून मंजूर झालेलं नाही.

अडथळा पहिला, रक्त आणि मेंदू यांच्यातली भिंत. शिरेतून दिलेला आरएनए ती सहज ओलांडत नाही. दुसरा, एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावतो, त्यामुळे हवं तेवढंच घडत नाही. कर्करोगासाठी मिर-३४ ची नक्कल असलेलं एमआरएक्स-३४ हे औषध माणसांना देऊन पाहिलं होतं. प्रतिकारशक्तीशी संबंधित गंभीर दुष्परिणाम आणि मृत्यू झाल्यावर २०१६ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. तिसरा अडथळा मात्रेचा, तो ६ मध्ये आला आहे.

सर्वांत पुढे गेलेलं उदाहरण हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराचं आहे, ज्यात शेवटी स्मृतिभ्रंशही होतो. एएमटी-१३० या उपचारात निरुपद्रवी विषाणूतून कृत्रिम मायक्रोआरएनएचं जनुक शस्त्रक्रियेने थेट मेंदूत सोडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत जास्त मात्रा मिळालेल्यांमध्ये आजाराचा वेग बराच मंदावलेला दिसला. मात्र तीन वर्षं पूर्ण झालेले रुग्ण मोजके होते आणि तुलना बाहेरच्या नोंदींशी होती. शिवाय हंटिंग्टन एकाच जनुकामुळे होतो. अल्झायमरमध्ये निशाणा इतका सरळ नाही.

११. कोलेस्टेरॉलसाठी आरएनएचं इंजेक्शन मिळतं, मग मेंदूसाठी का नाही?

तुम्ही म्हणता ते इन्क्लिसिरान. तो मायक्रोआरएनए नाही, त्याचा चुलत भाऊ एसआयआरएनए आहे. एकाच जनुकाशी तंतोतंत जुळेल असा तो बनवलेला असतो. आणि त्याला काम यकृतात करायचं असतं. त्याला जोडलेली विशिष्ट साखर यकृताच्या पेशी आपणहून उचलतात. मेंदूसाठी तशी सोपी सोय नाही, म्हणून असल्या औषधांच्या चाचण्यांत अनेकदा पाठीच्या कण्यातून सुई द्यावी लागते.

१२. भात, हळद, ब्राह्मी खाऊन मायक्रोआरएनए सुधारतात का?

भाताची गंमत खरीच आहे. चीनमधल्या एका गटाने २०१२ मध्ये छापलं, की तांदळातला मिर-१६८ए जेवणातून माणसाच्या रक्तात पोचतो आणि उंदरांच्या यकृतातलं एक जनुक दाबतो. खळबळ उडाली. इतरांनी पडताळून पाहिलं तेव्हा ते जुळलं नाही. आढळलेले वनस्पतींचे मायक्रोआरएनए इतके कमी होते, की काही परिणाम व्हावा अशी शक्यता दिसली नाही.

हळदीतल्या कर्क्युमिनने बशीतल्या पेशींमधले अमुकतमुक मायक्रोआरएनए बदलतात असे निबंध भरपूर आहेत. बशीत ओतलेली मात्रा आमटीतून मेंदूत पोचत नाही. हळद चवीसाठी घाला.

१३. वडिलांना अल्झायमर आहे. सदोष मायक्रोआरएनए माझ्याकडे आले असतील का?

तसं कुणी मोजत नाही आणि मोजून उपयोगही नाही. थेट आनुवंशिक अल्झायमर एपीपी, प्रेसेनिलिन-१ आणि प्रेसेनिलिन-२ या तीन जनुकांतल्या दोषांमुळे होतो. तो फार विरळ असतो आणि बहुधा साठीच्या आत दिसतो. तुमच्या घरात तसं असेल, म्हणजे दोन-तीन पिढ्यांत चाळिशी-पन्नाशीत सुरुवात झाली असेल, तर जनुकीय समुपदेशकाला भेटा. एरवी एपीओई या जनुकाच्या ‘४’ या प्रकारामुळे धोका वाढतो, पण तो असूनही आजार न होणारे बरेच आहेत.

तुमच्या हातात काय, याचं उत्तर मायक्रोआरएनएपाशी नाही. रक्तदाब, मधुमेह, कमी ऐकू येणं, धूम्रपान, एकटेपणा असे १४ घटक लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये नोंदवले. ते सगळे टाळता आले तर जगातले जवळजवळ निम्मे डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा हिशेब आहे. यादीतलं सर्वांत दुर्लक्षित म्हणजे कानाचं मशीन. कपाटात पडलेलं असेल तर काढा.

१४. मी ३४ वर्षांची आहे. नावं आठवत नाहीत, खोलीत का आले तेच विसरते. माझे मायक्रोआरएनए बिघडलेत का?

झोप किती तास होते ते आधी लिहून काढा. मग बी-१२, थायरॉइड आणि मनावरचा ताण. पुढच्या तपासण्या प्रश्न ९ मध्ये आल्या आहेत.

१५. हे सगळे मेंदू परदेशातले. भारतीय माणसांवर काम होतं का? आजोबांचा मेंदू दान करता येईल का?

मिर-१३२ सारख्या निष्कर्षांमागचे मेंदू बहुतांश युरोप-अमेरिकेतल्या मेंदूपेढ्यांतले आहेत, हे खरं. भारतात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं, असं २०२३ मध्ये छापलेल्या देशव्यापी पाहणीत आलं. त्या मानाने दान होणारे मेंदू फारच कमी.

दान करता येतं. बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे. आजोबा समजण्याच्या स्थितीत असतील तर त्यांची इच्छा आत्ताच विचारून लिहून ठेवा. मृत्यूनंतर संमती जवळच्या नातेवाइकांना द्यावी लागते, म्हणून घरातल्या सगळ्यांना आधी माहीत असलेलं बरं. वेळ महत्त्वाचा असतो, काही तासांत मेंदू काढावा लागतो, त्यामुळे महाराष्ट्रातून द्यायचा असेल तर ते शक्य होईल का आणि कोणत्या रुग्णालयामार्फत, हे पेढीला आधीच विचारा. आजार नसलेल्यांचे मेंदूही लागतात, तुलनेसाठी. आजी ठणठणीत असतील तर त्यांनाही विचारायला हरकत नाही.